राबातली राख

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक टेपाड होतं. फार उंच नाही, पलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाचं फक्त डोकं दिसावं एवढंच. त्यावर करवंदीची जाळी आणि एक मोडकं सावरीचं झाड. ते मेलेल्यांचं टेपाड आहे असं सगळा गाव म्हणायचा. कोण मेलेले, कधीचे, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या टेपाडाची माती मात्र कुणी उचलत नव्हतं.

आमचं गाव मुरबाडहून सिद्धगडाच्या बाजूला. बाबा मुरबाडला एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि शेतीची कामं रविवारी करायचे. मी मुरबाडच्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझी फी, पुस्तकं, एसटीचा पास, सगळं बाबांच्या त्या खाकी कपड्यांवर चाललं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात पणाला लागली होती ती तीच नोकरी. आणि ती पणाला लागली माझ्या अक्षरातल्या एका ओळीमुळे.

भाताची रोपं टाकायची जागा आमच्याकडे आधी भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. वर माती नसली तर राब भडकतो, पाला जळून जातो आणि जमीन तशीच कच्ची राहते. माती असली की आग खाली दबून धुमसते, जमिनीतलं गवताचं बी मरतं आणि रोपं जोमदार येतात. बाबांना हे काम मनासारखं झालेलं लागायचं. त्या वर्षी बांधाजवळची चांगली माती संपली होती. एप्रिलमधल्या एका रविवारी बाबांनी टिकाव उचलला आणि ते टेपाडाकडे चालू लागले. मागून घमेली घेऊन आई आणि मी.

बांधापलीकडे आमचे शेजारी काका बैलांना पाणी पाजत होते. त्यांची आणि आमची जमीन लागून, त्यामुळे भांडणंही लागून.

"काय रे," ते ओरडले, "छप्पन साली देव सोडलेत, भुतं पन सोडली का?"

"आमी कशाला सोडतोय," बाबा म्हणाले. "भुतांनीच आमाला सोडलं. आमच्याकडं त्यांना खायाला काय व्हतं?"

काका मोठ्याने हसले. तो दिवस असा हसण्यात सुरू झाला होता.

दहा-बारा घमेली माती झाली असेल. मग टिकाव दगडावर वाजला. बाबांनी हाताने माती सारली. खाली घडीव, चपटा दगड होता. पहार घालून तो उचलला तर आत विटांनी बांधलेला चौकोनी खड्डा. विटा एवढ्या मोठ्या की एकेक वीट माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरत होती. खड्ड्यात झाकण लावलेलं एक मडकं. ते चांगलं घागरीएवढं होतं.

बाबांनी मडकं काढून राबाच्या कडेला आणून ठेवलं. झाकण काढलं. आत काठापर्यंत करडी राख होती.

"राखच हाय गो," आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखा भाव होता. आणि तिने तेच केलं जे आमच्याकडची कुठलीही बाई करते. राख कधी कुणी फेकत नाही. चुलीची राख असो, शेकोटीची असो, ती राबावर जाते. आईने मडकं उचललं आणि राबावर पालथं केलं.

राखेबरोबर एक दगडी डबी खाली पडली. हिरवट दगडाची, गुळगुळीत, वर कळसासारखी बोंडी. पडताना तिचं झाकण उडालं आणि आतलं काहीबाही राखेत सांडलं. बाबांनी झेप घेऊन डबी उचलली आणि राखेत वर दिसत होतं तेवढं वेचून परत तिच्यात टाकलं. आत चार-पाच पारदर्शक मणी होते आणि दोन पिवळी फुलं. तिळाच्या फुलाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. बाबांनी एक बोटावर घेतलं तर श्वासाने हललं.

"सोना हाय," काका म्हणाले. ते कधी बांध ओलांडून आले होते ते आम्हाला कळलंच नाही.

बाबांनी डबी बंद केली.

"बग," काका हळू आवाजात म्हणाले, "टेपाड बांधाला लागून. म्हंजे अर्धा माजा. कल्याणला सोनार वळखीचा हाय माज्या. जीप करू, जाऊन येऊ. कोनाला कळनार नाय."

"मला कळंल ना," बाबा म्हणाले.

काका बांध ओलांडून परत गेले. संध्याकाळपर्यंत गावात कळलं होतं की आमच्या टेपाडात हंडा निघाला. दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर तो हंडा सोन्याने काठोकाठ भरला होता.

सोमवारी मी इतिहासाच्या सरांकडे गेले. त्यांच्याबद्दल मला आजही फार आदर आहे. माझ्यासारख्या मुलीला त्यांनी कधी कमी लेखून उत्तर दिलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "जमिनीत सापडलेलं असं काहीही सरकारला कळवावं लागतं. तुझ्या वडिलांनी आजच अर्ज करायला हवा. ते सरकारी नोकर आहेत, त्यांनी तर एक दिवसही थांबू नये. तू लिही." अर्ज कसा लिहायचा ते दाखवायला त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या अर्जाचा एक नमुना दिला.

घरी येऊन मी फुलस्केप कागद घेतला. वस्तूंची यादी केली. दगडी डबी एक, मणी पाच, सोन्याची फुले दोन, मातीचे मडके एक. पुढे "राख" लिहिणार तोच आईने माझा हात धरला.

"राखेचा नको लिवू."

"का?"

"मेल्यांची राख राबात टाकली म्हंतील. उद्या आपल्या घरचा भात कोन तोंडात घालंल? तुज्या लग्नाला कोन येल?"

मी तिला समजावायला हवं होतं. समजावलं नाही, कारण मलाही लाजच वाटत होती. कॉलेजात मी आधीच गावातून येणारी होते. मेलेल्यांच्या राखेवर भात पिकवणाऱ्या घरातली मुलगी मला व्हायचं नव्हतं. राख म्हणजे काही वस्तू नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. आणि मग सरांच्या नमुन्यात होती तशीच शेवटची ओळ मी वळणदार अक्षरात लिहिली. "याव्यतिरिक्त काहीही सापडलेले नाही. वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन."

बाबा चौथी शिकलेले. अर्ज त्यांनी हातात धरला, पण वाचला नाही. "तू लिवलंस ना? मग बरोबरच असंल," म्हणाले आणि सही केली.

राब पुढच्या आठवड्यात पेटवला. तो पेटवायला हवाच होता, ऊन कडक होतं आणि वारा पडलेला होता. दोन दिवस तो धुमसत राहिला. तेव्हा आम्हा कुणालाच वाटलं नाही की त्यात काही जळतंय.

अर्ज दिल्यावर तीन आठवडे काहीच झालं नाही. म्हणजे सरकारकडून काही झालं नाही. गावात बरंच झालं. दुकानात आई साखर घ्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, "आता कशाला साखर, वयनी, खडीसाखर न्या." बाबांच्या ऑफिसात कुणी तरी त्यांच्या स्टुलावर फुलांचा हार ठेवला. बाबा ते सगळं हसण्यावारी न्यायचे. पण एका संध्याकाळी एसटीतून उतरले आणि चपला न काढताच ओट्यावर बसले. त्यांच्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं की मुंबईहून अधिकारी येणार आहेत, पंचनामा होईल. अर्जात लिहिलेल्यापेक्षा एक मणी जरी जास्त होता असं निघालं, तर खोटी माहिती दिल्याबद्दल नोकरी जाईल. त्यात आपण काही करू शकणार नाही, असंही साहेब म्हणाले होते.

"निगंल कसा जास्त?" बाबा म्हणाले. "व्हता तेवडा लिवला आपन."

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही.

मेच्या मध्यावर त्या आल्या. जुन्या वस्तूंच्या खात्यातल्या बाई, चाळिशीच्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. बरोबर तलाठी. पंच म्हणून त्यांनी शेजारच्या काकांनाच बोलावलं. ओट्यावर घोंगडी अंथरली. बाईंनी डबी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती फिरवून पाहिली. मग मडकं पाहिलं, आत हात घातला, आतल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"हे भरलेलं होतं," त्या म्हणाल्या. "काठापर्यंत. आत खूण आहे." मग माझा अर्ज काढला. "इथं लिहिलंय, याव्यतिरिक्त काहीही सापडलेलं नाही. एवढ्या मोठ्या मडक्यात काय होतं?"

बाबा आईकडे बघायला लागले. तेव्हा त्यांना कळलं, मी काय लिहिलंय ते. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. रागाचं चिन्ह नव्हतं. मोजायला दिलेलं काही हातातून निसटावं तसे ते दिसत होते.

"बोल ना रे," काका म्हणाले. "मी बगितला हाय. आख्खा मडका पालथा केला यांनी. आन् काय पडला ते घाईघाईनं गोळा केला."

तलाठ्याने पेन उघडलं. "लिहू का, बाई? पंचाचं म्हणणं?"

मला माहीत होतं ते का गप्प आहेत. आईचं नाव त्यांना त्या कागदावर येऊ द्यायचं नव्हतं. मी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणारी मुलगी. शेवटी एवढंच म्हणाले, "अर्ज मी लिहिलाय. बाबांनी वाचला नाही."

"मग तू सांग."

"राख होती. मी ती लिहिली नाही."

"कुठे आहे राख?"

दारातून आई बाहेर आली. पदर डोक्यावर घेतला होता. "राबावं वतली. मीच वतली. राबाला राख चांगली म्हनून वतली. तिला काय ते माहीत नाय, तिच्या बापाला पन नाय. मीच सांगितला नको लिवू."

तलाठी हसला. काका हसले. "बगा," काका म्हणाले, "सोना राबात पेरला यांनी!"

बाई हसल्या नाहीत. "राब पेटवला?"

"पेटवला," बाबा म्हणाले.

सगळे शेतावर गेलो. भाजलेला राब काळा-तांबडा, भुसभुशीत, पेरणीला तयार. ढग अजून नव्हते, पण हवा जड झाली होती. आठ-दहा दिवसांत बी टाकायचं होतं. बाईंनी गुडघ्यावर बसून मूठभर माती हातात घेतली, बोटांनी पसरली. मग बाबांकडे वळल्या.

"मी हुकूम देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "ही माती चाळली तर कळेल. पण वरचा भाजलेला थर सगळा उचलावा लागेल. तुमचा राब जाईल."

"आनि नाय चाळली तर?"

"तर मी लिहीन की मडक्यात काय होतं ते समजू शकलं नाही."

ते वाक्य ऑफिसात गेलं तर काय होईल ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाबांनी राबाकडे एकदा पाहिलं. घरात वर्षभर पुरणारा भात त्या राबावर अवलंबून होता. मग त्यांनी फावडं घेतलं आणि जिथे आईने मडकं पालथं केलं होतं त्या कोपऱ्यातून पहिलं घमेलं भरलं.

आईची पिठाची चाळण आणि तांदळाची चाळण, दोन्ही आणल्या. बाईंनी साडीचा पदर खोचला आणि एक चाळण स्वतः धरली. दुसरी कुणी धरायची? आमच्यापैकी कुणी धरली असती तर उद्या लोकांनी म्हटलं असतं, यांनीच टाकलं. बाईंनी काकांकडे बोट केलं. "तुम्ही पंच. तुम्ही धरा."

काकांनी मोठ्या उत्साहाने चाळण घेतली. पहिल्या घमेल्यात कोळसे निघाले. दुसऱ्यात खडे. पाचव्यातही कोळसे आणि खडेच. ऊन डोक्यावर आलं. काळी धूळ उडत होती, सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे झाले होते. तलाठी सावरीच्या अर्ध्या सावलीत बसून घड्याळ बघत होता. मी घमेली वाहत होते आणि प्रत्येक फेरीला मनात तेवढंच म्हणत होते, काही तरी निघू दे. आणि लगेच दुसरा विचार यायचा. आगीत सगळंच जळून गेलं असेल तर? मग राबही गेला आणि शब्दही गेला.

पंधराव्या की सोळाव्या घमेल्यात बाईंच्या चाळणीत पांढरट तुकडे आले. नखाएवढे, हलके, चिरा पडलेले. त्यांनी ते तळहातावर घेतले. "हाडं आहेत," त्या म्हणाल्या. "फार जुनी. ही तुमच्या राबात नाही जळली, आधीच जळलेली होती." आईने हात जोडले. पण हाडं म्हणजे पुरावा नव्हता. काका म्हणालेच, "हाडा काय, कुत्र्याची पन असतील."

आणि मग काकाच थांबले.

चाळण हलवता हलवता त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याजवळच उभी होते, घमेलं रिकामं करून. चाळणीच्या तारेत काही तरी पिवळं अडकलं होतं, चुरगळलेलं, जोंधळ्याच्या दाण्याएवढं. काकांची पाठ बाकीच्यांकडे होती. त्यांच्या अंगठ्याखाली ते गेलं. मूठ मिटली असती तर कुणाला कळलं नसतं. मी सांगितलं असतं तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "ह्या फूल बगा."

संध्याकाळ होईपर्यंत चुरगळलेली अजून तीन फुलं निघाली. आगीने तडकलेला एक मणी निघाला, डबीतल्या मण्यांसारखाच. सगळं राखेच्या त्याच पट्ट्यात. बाईंनी तलाठ्याला सांगून पंचनामा लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. मडक्यातील राख अनवधानाने राबात मिसळली असून वस्तू त्याच मातीत मिळाल्या, अर्जदाराने काही लपवलेले दिसत नाही. काकांनी खाली अंगठा उमटवला. मग माझ्या जुन्या अर्जाला जोडायला बाईंनी मला नवा कागद दिला. "राहिलं ते लिही," म्हणाल्या. मी लिहिलं. या वेळी बाबांनी शेवटपर्यंत वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग सही केली.

जाताना बाईंनी आईला सांगितलं की या भागातला रस्ता जुना, बंदरांकडून नाणेघाटाकडे जाणारा, त्यावरून व्यापारी आणि भिक्खू ये-जा करायचे. अशी डबी असते तेव्हा बहुधा कुणा थोर भिक्खूच्या अस्थी असतात. नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही.

आई मटकन बांधावर बसली. "म्हंजे मी…"

"तुम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

रात्री आई जेवली नाही. बाबा तिला म्हणाले, "त्यांनी पन भिक्षा मागूनच खाल्ला असंल ना कुनाच्या तरी शेतातला? परत दिला समज." ती रडता रडता हसली. मला मात्र बाबांनी काही म्हटलं नाही, त्या रात्री नाही आणि नंतरही नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

चाळलेल्या मातीतच आम्ही बी टाकलं. रोपं आली, पण विरळ, आणि रोपांपेक्षा गवत जास्त. लावणीच्या दिवशी सकाळी बांधावर रोपांच्या जुड्या ठेवलेल्या दिसल्या. चांगल्या उंच, हिरव्यागार, अर्धं शेत भरेल एवढ्या. बांधापलीकडे काका पाठमोरे चिखल करत होते.

"कोनाच्या रे ह्या?" बाबांनी विचारलं.

"भुतांनी ठेवल्या असतील," काका न वळता म्हणाले.

नोकरी राहिली. त्याच नोकरीवर माझं बी.ए. आणि पुढे बी.एड. झालं. मी शहापूरला शाळेत शिकवायला लागले. दोन हजार सालानंतर कधी तरी, बाबा निवृत्त झाल्यावर, दोघांना घेऊन मुंबईला गेले. त्या वस्तू जिथे ठेवल्या आहेत तिथे. काचेच्या कपाटांत आमची डबी दिसली नाही. चौकशी केली, तेव्हा एका कारकुनाने कंटाळत मोठं रजिस्टर काढलं. वस्तू आत कोठीत आहेत, दाखवता येणार नाहीत, नोंद वाचून दाखवतो म्हणाला. गाव, तालुका मुरबाड, बाबांचं नाव. दगडी डबी एक. मणी सहा. सोन्याची फुले सहा. मडके एक. अस्थींचे तुकडे. राख, एक पुडी.

"एक पुडी?" आई म्हणाली. "आख्खा मडका व्हता."

"इथं एक पुडीच आहे, मावशी."

"आसंलच," आई म्हणाली. "बाकीची आमी खाल्ली."

कारकुनाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं बाबा आता विषय बदलतील. बाबांनी चष्मा नीट केला, रजिस्टरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तेपन लिवा सायेब. राहून गेलंय."